बंदी क्रमांक ४८५९

संत माक्सिमिलियन कोल्बे यांच्या हौतात्म्याची कथा आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. जुलै १९४१ च्या अखेरीस ऑश्विट्झच्या छावणीत एक बंदी हजेरीला सापडला नाही. त्याच्या पलायनाची शिक्षा म्हणून दहा निरपराध बंद्यांना उपासमारीने मारण्याचा हुकूम झाला. निवडल्या गेलेल्या दहांपैकी फ्रान्सिशेक गायोव्निचेक या सैनिकाने बायकोमुलांच्या आठवणीने आक्रोश केला आणि कोल्बे रांग सोडून पुढे आले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी तळघरातील कोठडीत त्यांचा अंत झाला. १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले, तेव्हा गायोव्निचेक स्वतः रोममध्ये उपस्थित होते.

ही कथा आपण प्रवचनातून ऐकतो, मुलांना सांगतो. परंतु तिच्या पहिल्याच वाक्यावरून आपण फार घाईने पुढे जातो. एक बंदी पळाला. कोण होता तो? त्याने पळून जाणे योग्य होते काय? आपल्या सुटकेची किंमत दहा जणांना मोजावी लागेल हे ठाऊक असताना कुंपणाकडे पाऊल टाकण्याचा अधिकार माणसाला पोहोचतो काय? उलट, पळणे शक्य असूनही कोणीच पळाला नाही, तर आत काय चालले आहे हे जगाला कळणार कसे?

हे प्रश्न आम्ही केवळ तर्कासाठी उभे करीत नाही. त्याच छावणीत, त्याच काळात एक मनुष्य होता, ज्याला या प्रश्नांची उत्तरे रोज द्यावी लागत होती. त्याचा क्रमांक होता ४८५९. तो तेथे स्वतःच्या इच्छेने आला होता आणि अडीच वर्षांनंतर स्वतःच्या इच्छेने बाहेर पडला. त्याचे नाव विटोल्ड पिलेत्स्की.

स्वेच्छेने बंदिवासात

पिलेत्स्की यांचा जन्म १३ मे १९०१ रोजी रशियातील ओलोनेत्स या गावी, एका पोलिश कुटुंबात झाला. पोलंड त्या वेळी नकाशावरही नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाला आणि १९१९-२० च्या पोलिश-सोव्हिएत युद्धात हा तरुण लढला. पुढे लिदा शहराजवळील वडिलोपार्जित जमीन त्याने कसायला घेतली. १९३१ साली मारिया ओस्त्रोव्स्का या शिक्षिकेशी विवाह झाला. आंजेय आणि झोफिया ही दोन अपत्ये झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलरने आणि पूर्वेकडून स्टालिनने पोलंडचे लचके तोडले. घोडदळातील हा राखीव अधिकारी लढाईतून जिवंत राहिला, तो भूमिगत होऊन वॉर्सात आला. नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याने मेजर यान व्लोदार्केविच यांच्यासह ‘गुप्त पोलिश सेना’ स्थापन केली.

१९४० च्या उन्हाळ्यात ओशव्येंचिम या गावाचे नाव वॉर्सात कुजबुजले जाऊ लागले. जर्मनांनी त्याचे ऑश्विट्झ असे नामकरण केले होते. तेथील पोलिश सैन्याच्या जुन्या बराकींत राजकीय बंद्यांसाठी छावणी उघडण्यात आली होती. १४ जून १९४० रोजी तार्नुव येथून ७२८ पोलिश बंद्यांची पहिली तुकडी तेथे पोहोचली. त्यांत विद्यार्थी होते, सैनिक होते, शिक्षक होते. पुढे या बंद्यांच्या घरी मृत्यूच्या तारा येऊ लागल्या. आत काय घडते आहे हे मात्र कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. संघटनेत चर्चा झाली: कोणीतरी आत गेले पाहिजे, तेथे संघटना बांधली पाहिजे आणि खरी बातमी बाहेर धाडली पाहिजे. ती जबाबदारी पिलेत्स्की यांनी पत्करली.

१९ सप्टेंबर १९४० च्या पहाटे वॉर्साच्या झोलिबोश भागात जर्मनांनी माणसांची धरपकड केली. लोक लपायला जागा शोधत होते, तेव्हा पिलेत्स्की त्या धरपकडीत आपण होऊन सामील झाले. खिशात तोमाश सेराफिन्स्की या नावाची कागदपत्रे होती. तो माणूस मरण पावला असावा अशी त्यांची समजूत होती. घरी आठ वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी होती. या निर्णयाचे समर्थन कुटुंबवत्सल माणसाला सहजासहजी करता येणार नाही. आम्हीही ते करू धजत नाही. तो घेतला गेला, एवढेच नोंदवतो.

२१ सप्टेंबरच्या रात्री आगगाडी छावणीजवळ थांबली. डब्यांतून माणसे काठ्यांच्या माराखाली उतरवली जात होती. वाटेत पहारेकऱ्यांनी एका बंद्याला बाजूच्या खांबापर्यंत धावण्यास सांगितले आणि तो धावताच त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर रांगेतून कोणतेही दहा जण ओढून काढले आणि ‘पलायनाची सामूहिक जबाबदारी’ म्हणून त्यांनाही ठार केले. छावणीचे दार ओलांडण्यापूर्वीच पिलेत्स्की यांना हा पहिला धडा मिळाला. येथे एकाचे कृत्य दहांच्या माथी मारले जाते, आणि ते कृत्य घडलेलेही असण्याची गरज नसते. क्रमांकाचा बिल्ला दातांत न धरता हातात धरला म्हणून त्याच रात्री त्यांचे दोन दात पाडण्यात आले.

पाच-पाच जणांची साखळी

छावणीचा हेतू केवळ मारणे हा नव्हता. मारण्यापूर्वी माणसाला माणसापासून तोडणे हा होता. बराकीवर हुकूमत गाजवण्यासाठी जर्मन गुन्हेगार आणून बसवले होते, त्यांना ‘कापो’ म्हणत. बंद्याच्या छातीवर लाल त्रिकोण आणि त्यावर ‘पी’ हे अक्षर असे. दिवसाला पावाचा एक तुकडा, पाणीदार सूप आणि कॉफीच्या नावाखाली कढवलेले काळे पाणी. एवढ्यावर खडी वाहणे, रूळ ओढणे, घरे पाडणे अशी कामे. भुकेने पिसाळलेल्या माणसाने शेजाऱ्याचा पाव चोरावा, स्वतःचा मार चुकवण्यासाठी दुसऱ्याचे नाव सांगावे, अशीच सारी व्यवस्था होती. एकाधिकारशाहीला मित्र हा शब्द सोसत नाही. तिला बंदी हवे असतात आणि तेही एकेकटे.

पिलेत्स्की यांनी जी संघटना बांधली तिचे मर्म येथे आहे. त्यांनी पाच-पाच जणांच्या तुकड्या केल्या. एका तुकडीला दुसरीचा पत्ता नसे. कोणी छळाखाली बोलला तरी साखळी तुटू नये अशी योजना होती. संघटनेची उद्दिष्टे चार होती: बाहेरच्या बातम्या पुरवून बंद्यांचे मनोबल टिकवणे, अन्नवस्त्र मिळवून ते वाटणे, आतली माहिती बाहेर पाठवणे, आणि कधीकाळी बाहेरून हल्ला झालाच तर आतून उठाव करण्यास सिद्ध राहणे. या चारांपैकी पहिली दोन आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटतात. रुग्णालयात एक माणूस, स्वयंपाकघरात एक, कामवाटपाच्या कचेरीत एक अशी विश्वासू माणसे पेरली गेली. मरणाला टेकलेल्या माणसाला छपराखालचे काम मिळवून देणे म्हणजे त्याला जीवदान देणेच होते. स्वतः पिलेत्स्की यांना फुप्फुसाचा दाह झाला, पुढे टायफसही झाला. दोन्ही वेळा त्यांना सोबत्यांनी वाचवले. जगण्याची कला ही एकट्याने साधण्याची गोष्ट नव्हती.

युद्धापूर्वी एकमेकांची तोंडे न पाहणारे डावे आणि उजवे राजकीय पुढारी १९४१ च्या अखेरीस या संघटनेच्या छायेत एकत्र बसले. पिलेत्स्की यांनी पुढे आपल्या अहवालात यावर खंत व्यक्त केली आहे. पोलिश माणसांत ऐक्य होण्यासाठी त्यांना रोज प्रेतांचा ढीग दाखवावा लागला, असा त्यांचा आशय आहे. हे वाक्य केवळ पोलंडलाच लागू आहे असे आम्हांस वाटत नाही.

एकाच्या पलायनाची किंमत

ऑश्विट्झमधून पहिले पलायन झाले ते ६ जुलै १९४० रोजी. तादेउश व्येयोव्स्की हा बंदी निसटला. उरलेल्या सर्वांना रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मैदानात उभे करण्यात आले. २८ ऑक्टोबर १९४० रोजी एक बंदी हजेरीला कमी पडला, तेव्हा पावसात आणि हिमवर्षावात दुपारपासून रात्रीपर्यंत हजेरी चालली आणि अनेकांनी तेथेच प्राण सोडले. हरवलेला बंदी पळालाच नव्हता, त्याचे प्रेत छावणीतच सापडले. १९४१ च्या वसंत ऋतूपासून पलायनाबद्दल दहा जणांना उपासमारीच्या कोठडीत धाडण्याची पद्धत सुरू झाली. एप्रिल १९४१ मध्ये मारियान बात्को नावाच्या शिक्षकाने एका तरुण बंद्याच्या जागी स्वतःला पुढे केले. कोल्बे यांच्या आधी तीन महिने घडलेली ही घटना जगात फारशी ठाऊक नाही.

पिलेत्स्की यांच्या अहवालात असा एक प्रसंग येतो. निवड झालेल्या एका तरुणासाठी एक वयस्कर धर्मगुरू रांगेतून बाहेर आला, सारा ब्लॉक थक्क होऊन पाहत राहिला आणि अधिकाऱ्याने ती अदलाबदल मान्य केली. त्यांनी नाव दिलेले नाही आणि तपशीलही थोडे निराळे आहेत. परंतु वाचताना कोल्बे यांचेच स्मरण होते.

या परिस्थितीत संघटनेने एक कठोर निर्णय घेतला होता: पळायचे नाही. ज्यांना पळण्याचे मार्ग ठाऊक होते, ज्यांच्या हाती चाव्या आणि खोटे परवाने येऊ शकत होते, त्याच माणसांनी आपल्या पायांना बेडी घालून घेतली, कारण त्यांच्या स्वातंत्र्याचे मोल दुसरे कोणी मोजणार होते. आरंभीच्या काळात बातम्या बाहेर गेल्या त्या मुख्यतः सुटका झालेल्या बंद्यांच्या मुखातून. त्या दिवसांत वशिल्याने वा पैशाने क्वचित कोणाची सुटका होत असे. १९४० च्या शरद ऋतूत सुटलेल्या आलेक्सांदर व्येलोपोल्स्की यांनी पिलेत्स्की यांचा पहिला अहवाल पाठ करून वॉर्सात पोहोचवला.

१९४२ च्या आरंभी दहांना मारण्याची पद्धत मागे घेण्यात आली आणि त्यानंतरच संघटनेने पलायनाकडे नव्या दृष्टीने पाहिले. पळणारा आता दूत झाला. २० जून १९४२ रोजी चार बंदी एसएस सैनिकांचे गणवेश चढवून, अधिकाऱ्यांचीच मोटार घेऊन फाटकातून बाहेर पडले. त्यांपैकी स्तानिस्वाव यास्तर यांच्याजवळ पिलेत्स्की यांचा अहवाल होता. सोबत्यांवर बालंट येऊ नये म्हणून या चौघांनी स्वतःपुरतीच एक खोटी कामगार तुकडी उभी केली होती. तरीही हिशेब चुकता झालाच. यास्तर यांच्या आईवडिलांना पकडून छावणीत धाडण्यात आले आणि ते परत आले नाहीत. किंमत रद्द झाली नव्हती, ती भरणारे बदलले होते.

त्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९४२ रोजी, लुब्लिन परिसरातील सुमारे २८० पोलिश बंद्यांना एका दिवसात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्यांत संघटनेचे लोक होते आणि आपण कोठे चाललो आहोत हे त्यांना कळले होते. लढून मरावे असा विचार काहींच्या मनात आला. परंतु आपण हात उचलला तर मागे उरलेल्या छावणीवर आणि घरच्या माणसांवर सूड उगवला जाईल, हे जाणून ते शांतपणे भिंतीकडे गेले. त्यांच्या या शांततेला कोणी भ्याडपणा म्हणू नये.

पास्काच्या सोमवारची रात्र

१९४३ च्या आरंभी जर्मनांनी जुन्या पोलिश बंद्यांना इतर छावण्यांत हलवण्यास सुरुवात केली. अडीच वर्षे घडवलेली माणसे पांगू लागली. पिलेत्स्की यांचे नावही यादीत आले. अंतर्गळाचा पट्टा बांधून, आपण श्रमास अपात्र आहोत असे भासवून त्यांनी ते टाळले. मात्र आता आत राहण्यात अर्थ उरला नव्हता. छावणीवर हल्ला करून बंदी सोडवता येतील, हे वॉर्सातील वरिष्ठांना कागदावरून पटत नसेल तर तोंडी पटवावे, असा त्यांचा निश्चय झाला.

मार्ग सापडला तो छावणीच्या बाहेर असलेल्या बेकरीचा. तेथे रात्रपाळीला बंदी नेले जात. यान रेद्झेय आणि एद्वार्द चेशेल्स्की हे दोघे सोबती ठरले. बेकरीचा दरवाजा जाडजूड, लोखंडाचा पत्रा ठोकलेला, आणि बोल्टांनी बंद केलेला असे. रेद्झेय यांनी आधीच जाऊन नटाचे माप घेतले आणि त्याला बसेल असा पाना तयार करण्यात आला. पिलेत्स्की यांनी आजाराचे सोंग घेऊन रुग्णालय गाठले, तेथून बाहेर पडताना बेकरीच्या तुकडीत आपली नोंद करून घेतली. ईस्टरचा रविवार त्या वर्षी २५ एप्रिलला होता. सोमवारी, २६ एप्रिल १९४३ च्या संध्याकाळी, तिघे पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांखाली साधे कपडे घालून एसएस पहाऱ्यात बेकरीकडे निघाले.

रात्रभर भट्टीसमोर काम चालले. पीठ मळणे, कोळसा टाकणे, पाव काढणे. पहारेकरी जवळच होते. मध्यरात्रीनंतर संधी आली. टेलिफोनची तार कापली गेली, नट सैल झाले, परंतु दार हलेना. तिघांनी खांदे लावून रेटले आणि ते एकाएकी उघडले. समोर अंधार आणि तारे. ते धावत सुटले. पाठीमागून गोळ्यांचे आवाज आले. कुत्र्यांना माग लागू नये म्हणून त्यांनी जवळ तंबाखूची पूड घेतली होती. सोवा नदीच्या काठाने धावत, दिवसा रानात लपत, काठावर सापडलेल्या नावेतून व्हिस्तुला नदी ओलांडत ते पूर्वेकडे सरकले. एका खेड्यातील धर्मगुरूंनी त्यांना खाऊ घातले आणि वाट दाखवणारा सोबत दिला. पुढे जंगलात एका जर्मन शिपायाची गोळी पिलेत्स्की यांच्या खांद्यात घुसली. मे महिन्याच्या आरंभी ते बोख्निया या गावी पोहोचले.

तेथे एक विलक्षण भेट घडली. जवळच्या नोवी विश्निच येथील भूमिगत सेनेच्या ज्या अधिकाऱ्याकडे त्यांना नेण्यात आले, त्याचे नाव होते तोमाश सेराफिन्स्की. ज्याच्या नावाने पिलेत्स्की यांनी अडीच वर्षे बंदिवास भोगला, तो मनुष्य जिवंत होता! त्याने आपले नाव वापरणाऱ्या या पाहुण्याला घरात आसरा दिला. परंतु छावणीच्या दप्तरात पळालेला बंदी सेराफिन्स्की हाच होता. डिसेंबर १९४३ मध्ये गेस्टापोने खऱ्या सेराफिन्स्की यांना ‘त्यांच्या’ पलायनाबद्दल अटक केली. सुदैवाने जानेवारी १९४४ मध्ये ते सुटले. पळणाऱ्याचे देणे दुसऱ्याच्या दारी जाते, ही छावणीची रीत कुंपणाबाहेरही सुटली नव्हती.

ऐकणारे कोण?

पिलेत्स्की ऑगस्ट १९४३ मध्ये वॉर्साला पोहोचले आणि त्यांनी हल्ल्याची योजना मांडली. भूमिगत स्वदेशसेनेच्या वरिष्ठांनी ती नाकारली. शस्त्रे अपुरी होती, आणि छावणी जिंकली तरी हजारो मरणोन्मुख माणसांना लपवणार कोठे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. लंडनकडूनही काही आले नव्हते. जानेवारी १९४१ मध्येच तेथील पोलिश सेनाधिकाऱ्यांनी ऑश्विट्झवर बॉम्बफेक करावी अशी विनंती ब्रिटिश हवाई दलाला केली होती, ती अव्यवहार्य म्हणून फेटाळली गेली.

दरम्यान छावणीचे स्वरूप पार बदलले होते. सप्टेंबर १९४१ मध्ये सोव्हिएत युद्धकैद्यांवर विषारी वायूचा प्रयोग झाला आणि १९४२ पासून युरोपभरच्या ज्यू कुटुंबांना आगगाड्यांतून बिर्केनाउ येथे आणून थेट वायुकोठड्यांत ढकलले जाऊ लागले. पिलेत्स्की यांनी हेही पाहिले आणि कळवले. ऑश्विट्झमध्ये मारल्या गेलेल्या सुमारे ११ लाख माणसांपैकी जवळजवळ १० लाख ज्यू होते. त्यांतील बहुसंख्यांना क्रमांकही मिळाला नाही. पलायनाचा विचार मनात येण्याइतका अवधीसुद्धा त्यांना दिला गेला नाही. एप्रिल १९४४ मध्ये रुडॉल्फ व्हर्बा आणि आल्फ्रेड वेट्झलर हे दोन ज्यू बंदी निसटले व त्यांनी या हत्याकांडाचा सविस्तर वृत्तांत दिला. तो स्वित्झर्लंडमार्गे जगापुढे आल्यावर जो दबाव वाढला, त्याचा हंगेरीतील ज्यूंची रवानगी जुलै १९४४ मध्ये थांबण्यात वाटा होता. तोवर चार लाखांहून अधिक माणसे पाठवली गेली होती. साक्ष उशिरा ऐकली गेली, तरी ती व्यर्थ गेली नाही.

ऑश्विट्झमधून पळण्याचा प्रयत्न केलेल्यांची संख्या नऊशेच्या वर आहे, यशस्वी झालेले सुमारे दोनशे. लाखोंच्या त्या दुनियेत ही संख्या नगण्य भासेल. परंतु युद्ध चालू असताना जगाला जे काही कळले त्याचा मोठा भाग या मूठभरांनी आणला.

दुसरा तुरुंग

१९४४ च्या वॉर्सा उठावात पिलेत्स्की लढले. त्यांचा सोबती रेद्झेय त्याच उठावात धारातीर्थी पडला. उठाव चिरडला गेल्यावर पिलेत्स्की जर्मनीत युद्धकैदी झाले आणि १९४५ च्या वसंतात मुक्त होऊन इटलीतील जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्यात दाखल झाले.

या सैन्याची जन्मकथा आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. १९४०-४१ मध्ये स्टालिनच्या राजवटीने लाखो पोलिश नागरिकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले होते. १९४१ मध्ये झालेल्या समझोत्यामुळे त्यांतील काहींची सुटका झाली, त्यांच्यातून आंदेर्स यांचे सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यांच्यासोबत निघालेल्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांपैकी सुमारे ५,००० जणांना कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात आश्रय मिळाला. तेथे त्यांच्या शाळा चालल्या, मिस्सा झाल्या, मुले मोठी झाली. जी भूमी एका छावणीला घर म्हणू देते, त्या भूमीबद्दल आपण कृतज्ञ असावे.

इटलीत १९४५ च्या उन्हाळ्यात पिलेत्स्की यांनी आपला सविस्तर अहवाल लिहिला. टंकलिखित शंभरएक पानांचा. आणि मग ते परत पोलंडला निघाले. तेथे आता सोव्हिएत आशीर्वादाने दुसरी एकाधिकारशाही रुजत होती. तिची माहिती बाहेर पाठवणे हे नवे काम होते. १९४६ मध्ये धोका ओळखून आंदेर्स यांच्याकडून देश सोडण्याचा निरोप आला. त्यांनी तो मानला नाही. काम सोपवावे असा माणूस नव्हता, पत्नी मुलांसह निघू शकत नव्हती. अशा रीतीने, ज्याने ऑश्विट्झमधून मार्ग काढला, त्याने उघड्या दारातून बाहेर पडणे नाकारले.

८ मे १९४७ रोजी अटक झाली. चौकशीत अमानुष छळ झाला. शेवटच्या भेटीत, याच्या तुलनेत ऑश्विट्झ काहीच नव्हते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले असे सांगितले जाते. मार्च १९४८ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून खटला चालला. आपण परक्यांसाठी हेरगिरी केली हे त्यांनी नाकारले. आपल्या सेनेतील वरिष्ठांना माहिती देणे हे त्यांच्या लेखी अधिकाऱ्याचे कर्तव्य होते. मृत्युदंड झाला. दयेचा अर्ज राष्ट्राध्यक्ष ब्येरुत यांनी फेटाळला. पंतप्रधान युझेफ त्सिरान्केविच हे स्वतः ऑश्विट्झचे माजी बंदी होते, परंतु तेही त्यांना वाचवण्यास पुढे आले नाहीत. २५ मे १९४८ रोजी वॉर्साच्या मोकोतुव तुरुंगात पिलेत्स्की यांना डोक्यात मागून गोळी घालून ठार करण्यात आले. तुरुंगातून त्यांनी पत्नीला थॉमस ए केम्पिस यांचे ‘ख्रिस्तानुकरण’ वाचण्यास सांगितले होते.

प्रेत कुटुंबाला दिले गेले नाही. कबर कोठे आहे हे आजही निश्चित ठाऊक नाही. पुढील चाळीस वर्षे त्यांचे नाव उच्चारण्यास बंदी होती. देशद्रोह्याची मुले म्हणून आंजेय आणि झोफिया वाढली. साम्यवादी राजवट कोसळल्यावर १ ऑक्टोबर १९९० रोजी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. २००० साली त्यांचा अहवाल पोलंडमध्ये समग्र प्रसिद्ध झाला आणि २०१२ मध्ये इंग्रजीत आला. लिहिल्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ तो दप्तरांतून पडून होता. हिटलरच्या काळात ती साक्ष कोणी पुरती ऐकली नाही, आणि स्टालिनच्या वारसांनी ती ऐकू दिली नाही.

प्रश्नाकडे परत

आम्ही आरंभी विचारले होते: दहा जणांच्या प्राणांचे मोल पडत असताना पळण्याचा अधिकार माणसाला आहे काय? पिलेत्स्की यांच्या जीवनातून आम्हांस जे उत्तर मिळते ते असे. जोवर दहांचे प्राण पणाला लागत होते तोवर ते आणि त्यांचे सोबती थांबले. जेव्हा निघाले तेव्हा आत राहिलेल्यांसाठी निघाले, आणि आपल्यामागे कोणाला त्रास होऊ नये याची शक्य तितकी काळजी घेऊन निघाले. सारी काळजी घेऊनही कोणीतरी किंमत दिली. यास्तर यांच्या आईवडिलांनी दिली, सेराफिन्स्की यांनी दिली. हा हिशेब पूर्ण फिटत नाही आणि तो फिटला असे आम्ही म्हणणार नाही. अपराध मात्र पळणाऱ्याचा नसतो. ज्याने एकाच्या पावलाला दहांच्या मरणाची साखळी बांधली, अपराध त्याचा असतो. दहांची निवड करणाऱ्या अधिकाऱ्याला विसरून पळालेल्या बंद्याला दोष देणे, म्हणजे छावणीचाच न्याय मान्य करणे होय.

यापुढे १४ ऑगस्टला कोल्बे यांच्या स्मरणदिनी ती कथा आपण पुन्हा ऐकू. त्या वेळी रांगेतून पुढे आलेल्या धर्मगुरूचे स्मरण तर करूच. त्याच रांगांमध्ये, दुसऱ्या कुठल्या ब्लॉकमध्ये, क्रमांक ४८५९ चा एक बंदी स्तब्ध उभा राहून सारे मनात टिपून ठेवत होता, त्याचेही स्मरण असावे. एकाने दुसऱ्याचे मरण आपल्यावर घेतले. दुसऱ्याने ते मरण विसरले जाऊ नये म्हणून जगण्याचे ओझे पत्करले.